पंप लपवू नकोस

अगं, दह्याला बोल लावू नकोस. केळ्यालाही नको, आणि माळ्यावरच्या धुळीला तर मुळीच नको. रात्री दीड-दोनला उठतेस, उशी भिंतीला लावून बसतेस, छातीत शिट्टी वाजत असते, आणि सकाळी सासूबाईंना सांगतेस की कालचं ताक आंबट होतं. घरात सगळ्यांना ते पटतं, कारण आपल्याकडं खोकल्याचं पहिलं खापर ताटावर फुटतं. मला पटत नाही. उन्हाळ्यात गारगोटीला आईकडं राहिलीस तेव्हा रोज ताक प्यायलीस, अंगणात झोपलीस, पहाटेच्या गारठ्यात फिरलीस, आणि एकदाही रात्री उठली नाहीस. इकडं उचगावात येऊन फौंड्रीच्या कोअर शॉपला हजर झालीस आणि त्याच आठवड्यात शिट्टी परत. ताक दोन्हीकडं होतं. बदललं ते काम.

हे आपल्या दोघींतलं बोलणं आहे, म्हणून स्पष्ट बोलते. मी डॉक्टर नाही. पण छातीच्या ओपीडीत नर्स म्हणून इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट कानात बसते. माणूस खोकला किती दिवसांचा ते सांगतो, बेडका कसला पडतो ते सांगतो, बिडी लपवतो, पण काम काय करतो हे विचारल्याशिवाय सांगत नाही. आणि गर्दीत ते विचारायचं राहून जातं. इटलीतल्या मोदेना गावचा रामाझ्झिनी नावाचा वैद्य होता. त्यानं १७०० साली कारागिरांच्या आजारांवर अख्खं पुस्तक लिहिलं, पीठ चाळणाऱ्या आणि पाव भाजणाऱ्या लोकांचा दम त्यात नोंदवला, आणि बाकीच्या वैद्यांना बजावलं की रोग्याला त्याचा धंदा विचारा. तीनशे वर्षं उलटली. तुझ्या केसपेपरवर अजून ‘गृहिणी’ लिहिलंय. पुढच्या खेपेला तो शब्द खोडून घे आणि ‘फौंड्री, कोअर शॉप’ असं लिहून घे. औषधाच्या आधी ते.

आता तू नक्की काय हाताळतेस ते बघू. आपलं गाव पडलं दोन एमआयडीसींच्या मध्ये. हायवेनं वर गेलं की शिरोली, खाली गेलं की गोकुळ शिरगाव, त्याच्या पुढं कागलची पंचतारांकित. कोल्हापूर म्हणजे गूळ आणि चपला असं बाहेरचे म्हणतात. पण देशातल्या फौंड्रीच्या मोठ्या पट्ट्यांत आपलं नाव आहे. गाड्यांचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे भाग इथून जातात. त्या ओतीव भागात जिथं पोकळी पाहिजे तिथं वाळूचा कोअर बसवायचा, आणि हे कोअर करायला, घासायला, रंग द्यायला बायकांचे हात लागतात. तुमच्याकडं कोल्ड बॉक्स आहे असं म्हणालीस. म्हणजे वाळूत दोन द्रवं मिसळतात. एक फिनॉलचं रेझिन, दुसरा हार्डनर, ज्याला तुम्ही ‘पार्ट टू’ म्हणता. ती वाळू पेटीत भरली की अमाईनचा वायू सोडायचा, आणि काही सेकंदांत तिचा दगड होतो.

अमाईन ओळखणं सोपं आहे. सडक्या मासळीचा वास. आणि तू मागं म्हणाली होतीस ना, की संध्याकाळी सुटल्यावर रस्त्यावरच्या दिव्यांभोवती निळसर धुरकट गोल दिसतात, आणि चष्मा लागला की काय म्हणून घाबरली होतीस? तो चष्म्याचा नंबर नव्हता. अमाईनच्या वाफेनं बुबुळावर सूज येते, ती काही तासांत उतरते. पण शॉपमधल्या हवेत ती वाफ जरुरीपेक्षा जास्त आहे याचा तो पुरावा आहे. हवा ओढून घेणारा पंखा बंद असेल, नाहीतर त्याची नळी फुटली असेल. हे सुपरवायझरला सांगताना लाजायचं कारण नाही.

माझी खरी काळजी ‘पार्ट टू’ची आहे, कारण त्याला तसा ठसठशीत वास नाही. त्यात आयसोसायनेट असतं, एमडीआय नावाचं. कामाच्या जागी दमा लावणाऱ्या पदार्थांत या घराण्याची बदनामी फार मोठी आहे. भोपाळला डिसेंबर १९८४ मध्ये जो वायू सुटला तो याच घराण्यातला, मिथाईल आयसोसायनेट. तो वेगळा, फार जहाल, आणि तुझ्या शॉपची भोपाळशी तुलना मी करत नाही, उगाच घाबरू नकोस. पण त्या वेळी भोपाळहून मुंबईला आलेल्या रुग्णांना केईएममध्ये डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं, फुप्फुसांची मापं घेऊन लिहून ठेवली. आयसोसायनेट श्वासात जाणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या डॉक्टरांनी जवळून पाहिलेलं आहे. हे काही परदेशी पुस्तकातलं खूळ नाही.

आता तुझा तो प्रश्न: ‘आक्का, सुरुवातीला वर्षभर मला काहीच झालं नाही, मग आता कसं?’ असंच होतं. हा विषाचा प्रकार नाही, की जास्त गेलं म्हणजे त्रास आणि थोडं गेलं म्हणजे बरं. आधी काही महिने, कधी काही वर्षं, शरीर गुपचूप त्या पदार्थाची ओळख करून घेतं. एकदा ओळख पटली की दारातल्या कुत्र्यासारखं होतं: परका माणूस गल्लीच्या टोकाला असला तरी भुंकायला लागतं. मग इतरांना जाणवतसुद्धा नाही इतक्या कणभरानं श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, रक्तातल्या ठरावीक पेशी तिथं गोळा होतात, चिकट कफ सुटतो. आधीच बारीक नळी, ती तिन्ही बाजूंनी बारीक होते. शिट्टी वाजते ती त्याची. आणि हे महिनोन्‌महिने चालू राहिलं तर सूज नुसती येत-जात नाही, नळीची भिंतच जाड होऊन बसते. म्हणून ‘सवय होईल’ हे जे तुला जुन्या बायका सांगतात ना, ते नेमकं उलटं आहे. याची सवय होत नाही. दिवसेंदिवस कमी मात्रेला जास्त त्रास होतो.

अजून एक फसवणूक वेळेची. पुष्कळदा हा दम कामावर लागतच नाही. पदार्थ श्वासात गेल्यावर चार ते आठ तासांनी छाती भरते. तू चार-पाचला सुटतेस, वडापमध्ये गप्पा मारत येतेस, स्वयंपाक करतेस, आणि निजल्यावर सुरू होतं. मग दोष कुणाचा? गादीचा, पंख्याचा, ताकाचा. सासूबाईंनी घर झाडून झाडून हाताला घट्टे पाडून घेतले, बिचाऱ्यांनी. त्यांच्यावर चिडू नकोस. जे डोळ्यासमोर घडलं त्यालाच माणूस धरतो.

पाणी तापवायच्या बंबाचं म्हणशील तर तो धूर वाईटच. गुऱ्हाळं सुरू झाली की त्यांचा धूर, हायवेची धूळ, पाव्हण्यांची बिडी, हे सगळं लागलेला दमा वाढवतं. बंब बाहेर काढ, बिडी अंगणात नाही, बंदच. पण वाढवणारं वेगळं आणि लावणारं वेगळं. बंब आईकडंही तुझ्या जन्माआधीपासून आहे.

तू एकटी आहेस असंही समजू नकोस. मोठेपणी पहिल्यांदा दमा लागलेल्या साधारण सहा-सात माणसांत एकाच्या मुळाशी त्याचं काम असतं, असं जगभरच्या अभ्यासांवरून धरतात. आपल्या परिसरातच बघ. गाड्यांना दोन डब्यांचा रंग फवारणाऱ्या पोरांच्या हार्डनरमध्ये हेच आयसोसायनेट, वेगळ्या जातीचं. बेकरीत पीठ, आणि पाव फुगायला घालतात ती एन्झाइमं. पार्लरमध्ये केस फिके करायची ती पांढरी ब्लीच पावडर, तिच्यात परसल्फेट. इचलकरंजीत कपडा रंगवायचे रिॲक्टिव्ह रंग. सूतगिरणीतला कापसाचा त्रास मात्र जरा वेगळ्या वळणाचा: तिथं सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती सगळ्यात जास्त आवळते आणि पुढं आठवड्यात सैल होत जाते. तुझं उलटं आहे, आठवडा सरत जाईल तसं वाढतं आणि सुट्टीला उतरतं. आणि सिलिकोसिस तर तिसरीच गोष्ट. वाळूच्या बारीक धुळीनं फुप्फुसावर वण पडतात, ते सुट्टीनं उतरत नाहीत. फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला, असणाऱ्या माणसांनी त्याची वेगळी तपासणी करायला पाहिजे. तुमच्याच शॉपमधल्या कुणाचा खोकला टीबीचा म्हणून चालला असेल तर फोटो काढताना तिनंही वाळूचं सांगावं.

आणि ही एक बाजूची गोष्ट, पण सांगून ठेवते. संडासात ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकू नकोस. त्यातून क्लोरीन सुटतो. एकाच मोठ्या झुळकीनं दम लागून तो महिनोन्‌महिने टिकलेली माणसं पाहिली आहेत. तिथं ओळख-बिळख पटायला वेळच लागत नाही, नळीचं अस्तरच भाजतं.

आता कामाचं. तू म्हणालीस, ‘उद्याच काम सोडते.’ सोडू नकोस. म्हणजे अजून आठवडाभर विष घे असं मी सांगत नाही. जास्त दम लागत असेल तर डॉक्टर म्हणतील तसं लगेच थांब. पण जमत असेल तर पुरावा आधी हातात घे, मग हल. कारण एकदा काम सुटलं, नळ्या मोकळ्या झाल्या, की तपासणीत सगळं बरोबर येतं आणि मग कंपनी म्हणते हिला काही नव्हतंच. फुंकर मारायचं एक साधं प्लास्टिकचं यंत्र मिळतं, पीक फ्लो मीटर. काही शे रुपयांत येतं, पेठेतल्या औषधाच्या मोठ्या दुकानात मिळेल. उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट लावून एका झटक्यात फुंकायचं. तीनदा फुंकून त्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. दिवसातून निदान चार वेळा: उठल्यावर, कामावर जायच्या वेळी, सुटल्यावर, निजताना. दम्याचा पंप घ्यायच्या आधी. चार आठवडे. आणि सुट्टीच्या दिवशी सुद्धा, कारण सगळी गंमत सुट्टीच्या दिवशीच आहे. कामाच्या दिवसांत आकडा उतरतो आणि सुट्टीला चढतो असा डोंगर-दरीचा आलेख निघाला, तर डॉक्टरला दुसरं काही बोलायला जागा उरत नाही. मात्र दिवाळीची सुट्टी धरू नकोस, फटाक्यांनी सगळा हिशेब बिघडतो. गणपतीची चालेल.

वहीत आकड्याशेजारी दोन शब्द लिही: आज गॅसिंगला होते, आज पॅकिंगला, आज पंखा बंद होता. आणि आकडे बनवून लिहू नकोस. विसरलं तर रकाना मोकळा ठेव. मोकळा रकाना खरा वाटतो, सगळीकडं तोच आकडा दिसला की डॉक्टरचा विश्वास उडतो. मी अशा वह्या पाहिल्यात.

छातीच्या डॉक्टरकडं गेलीस की ते स्पायरोमेट्री करतील, पंपाच्या आधी आणि नंतर. ती एकदा चांगली आली म्हणून हसत घरी येऊ नकोस. दमा सकाळी असतो आणि दुपारी नसतो. आणि कुणी रक्ताची ॲलर्जीची तपासणी करून ‘निगेटिव्ह’ म्हटलं तर तेवढ्यावर जाऊ नकोस. पिठाच्या बाबतीत ती बऱ्यापैकी बोलते. आयसोसायनेटचा दमा असलेल्या पुष्कळांत ती काहीच दाखवत नाही.

पंपाबद्दल तुझा माझ्यावर राग आहे, माहीत आहे. पर्समध्ये रुमालाखाली ठेवतेस, मोरीत जाऊन ओढतेस. कुणी म्हणालं पंपाची सवय लागते. अगं, चष्म्याची लागते तशी सुद्धा लागत नाही. सूज उतरवणारा जो पंप दिलाय, तो दम नसतानाही रोज घ्यायचा असतो. निळा तेवढा अडचणीला. तू मात्र निळाच ओढून शिफ्ट काढतेस, आणि हेच मला नको आहे. औषध घेऊन पुन्हा त्याच हवेत उभं राहणं म्हणजे आत सूज वाढू देणं. बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळे दिसले, पंप घेऊनही उतार पडेना, तर रात्र बघू नका. सरळ कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जायचं. अडुळशाचा काढा दुसऱ्या दिवशी.

मास्कचं. ओढणी चालत नाही. डॉक्टर लोक घालतात तो पांढरा मास्क वाळूच्या धुळीला बरा, पण वाफेला काहीच नाही, वाफ त्यातून आरपार जाते. वाफेला कोळशाचं काडतूस असलेला रबरी मास्क लागतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा, आणि काडतूस वेळच्या वेळी बदललेलं. आणि एकदा शरीराला ओळख पटलेल्या बाईला तोही पुरेसा धरता येत नाही. मास्क ही शेवटची गोष्ट. आधी पेटी झाकलेली पाहिजे, वायू जागच्या जागी ओढून घेणारी नळी पाहिजे, मिक्सरचं झाकण पाहिजे. असं केलं की माणसं आजारी पडत नाहीत, हे झालेलं आहे. १९६९ च्या सुमाराला इंग्लंडात कपड्यांच्या साबणात एन्झाइम घालणाऱ्या कारखान्यांत कामगारांना दमा लागला. मग एन्झाइमची भुकटी बंद करून त्यावर वेष्टण चढवून दाणे केले, आणि रुग्ण एकदम कमी झाले. युरोपात तर २४ ऑगस्ट २०२३ पासून प्रशिक्षण घेतल्याशिवाय अशा आयसोसायनेटच्या मालाला कामासाठी हात लावता येत नाही. तुला पहिल्या दिवशी कुणी काय शिकवलं? बादली कुठं ठेवायची, एवढं.

‘पार्ट टू’च्या डब्यावर काय छापलंय ते बघ. मोबाईलवर फोटो काढून मला पाठव. लाल चौकटीत माणसाची छाती आणि तिच्यावर तारा फुटल्यासारखी खूण असेल, आणि खाली कुठंतरी ‘एच ३३४’ असा क्रमांक असेल, तर त्याचा अर्थ श्वासात गेल्यास ॲलर्जी, दमा किंवा श्वासाचा त्रास होऊ शकतो, असं बनवणाऱ्यानंच लिहून दिलंय. त्या मालाचा सुरक्षा-माहितीचा कागद कंपनीकडं असतो. तो मागायचा हक्क आहे, उपकार नाही.

ठेकेदाराच्या नावावर आहेस म्हणून ईएसआयचा विमा नाही, असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते चूक. पगाराच्या चिठ्ठीवर पाऊण टक्का कापलेला दिसतो का बघ. दिसला तर तुझा विमा क्रमांक असलाच पाहिजे. कामाच्या ठिकाणच्या पदार्थानं लागलेला दमा हा कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या यादीत होता, ईएसआयच्या यादीतही होता. १९४८ च्या कारखाना कायद्यानं कळवायलाच पाहिजेत असे जे आजार ठरवले त्यात आयसोसायनेटची बाधा होती. आता हे कायदे नव्या संहितांत गेलेत. तुझ्या बाबतीत काय लागू होतं ते युनियनच्या माणसाला किंवा औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयात विचारता येतं. पण कागदावर निदान लागतं, आणि म्हणून तर वहीचा एवढा हट्ट.

वही झाली, डॉक्टरांची चिठ्ठी झाली, की विभाग बदलून माग. तपासणी, पॅकिंग, स्टोअर, जिथं कोअर शॉपची हवा येत नाही असं काहीही. नुसती मशिनपासून दहा पावलं लांब खुर्ची देऊन बोळवण केली तर घेऊ नकोस. पगार थोडा कमी झाला तर? इथं मला तुला खोटा धीर द्यायचा नाही. त्या हवेतून बाहेर पडलेल्यांत साधारण तिसरा हिस्सा माणसं पूर्ण बरी होतात. बाकीच्यांचा दमा कमी होतो, पण राहतो. कोण कुठल्या हिश्शात जाणार हे पुष्कळसं यावर ठरतं, की लक्षण सुरू झाल्यावर माणूस किती दिवस तिथं थांबला. मुलीच्या शाळेची फी मला कळते. हप्ताही कळतो. पण दोन वर्षं थांबून मग निघालीस तर फीही जाईल आणि दमही राहील.

पाव्हण्यांशी मी बोलते, तू घाबरतेस म्हणून. ते म्हणतील, ‘बाकीच्या बायकांना कुठं काय होतंय?’ त्यांना सांग, प्रत्येकीचं शरीर ओळख धरतंच असं नाही, आणि ज्यांनी धरली त्यातल्या कितीतरी आधीच काम सोडून घरी बसल्यात, त्या शॉपमध्ये दिसणार कशा? तुझ्या शेजारची ती, सारखं नाक पुसते म्हणालीस ना, तिलाही घेऊन ये. एकीनं सांगितलं तर तक्रार होते, चौघींनी सांगितलं तर पंखा दुरुस्त होतो.

यंत्र मी आणून ठेवलंय, आज संध्याकाळी येऊन घेऊन जा. पहिला आकडा उद्या पहाटे उठल्याबरोबर लिही, चहाच्या आधी. आणि हो, कामावरचे कपडे वेगळे धू, मुलीच्या कपड्यांत टाकू नकोस.